करंगळीनं फिरणारं चाक

परबकाकूंच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला पाणी नंतर मिळतं, आधी शिलाई मशीनचं चाक फिरवावं लागतं. यातून कोणाचीही सुटका नाही. गॅसची नळी तपासायला आलेला माणूस, मतदार यादी घेऊन आलेल्या शिक्षिका, तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेलं जोडपं, सगळ्यांनी ते फिरवलेलं आहे. काकू दार उघडतात, पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि खिडकीखालच्या काळ्या पायमशीनकडे बोट दाखवून म्हणतात, "जरा त्या चाकाला हात लावा बघू."

माणूस गोंधळतो. कोणाला वाटतं मशीन विकायचं असेल, कोणाला वाटतं बिघडलं असेल. तो भीत भीत मशीनच्या उजव्या अंगाच्या चाकाला हात लावतो आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. चाक स्वतःकडे फिरवलं तर पाण्याबरोबर बेसनाचा लाडू येतो. पलीकडे ढकललं तर नुसतं पाणी. चाक उलटं फिरवलं की खाली दोरा गुंततो, हे कुठलाही शिंपी सांगेल. पण काकूंनी हा नियम मशीनवरून उचलून माणसांना लावला आहे. "चाक आपल्याकडं फिरवायचं," त्या म्हणतात. "जो पलीकडं ढकलतो ना, तो कामपण दुसऱ्यावर ढकलतो. लिहून घे माझ्याकडून."

मी लग्न होऊन घाटकोपरच्या या इमारतीत आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी माझी परीक्षा झाली. काकूंचं दार आमच्या दारासमोर. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा असल्यामुळे मला चाक ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं गेलं. एवढ्याशा कारणावरून मी पास झाले आणि काकूंनी माझ्या सासूबाईंना सांगितलं की मुलगी गुणाची आहे, आता नितीनची काळजी नको. नितीन म्हणजे माझा नवरा. तो शाळेत असतानाच या परीक्षेत नापास झालेला आणि त्यानंतर त्याला मशीनला हात लावायची परवानगी मिळाली नाही. आजही तो घरात दूध उतू घालवतो किंवा विजेचं बिल भरायला विसरतो, तेव्हा काकू माझ्याकडे बघून हवेत नुसतं एक उलटं चाक फिरवतात. मला सगळं कळतं.

परीक्षा संपली की प्रात्यक्षिक असतं. काकू पदर खोचतात, मशीनवरचं मखमली कव्हर पूर्ण बाजूला करतात आणि उजव्या हाताची करंगळी चाकाला टेकवतात. चाक फिरतं. सुई खाली जाते, वर येते, आणि आवाज म्हणावा तर काहीच नाही. "करंगळीनं," काकू म्हणतात. "कधी मेकॅनिकचा हात लागला नाय याला." मग त्या थोडा वेळ थांबतात, कारण इथे पाहुण्यानं कौतुक करायचं असतं. नवख्या माणसाला हे ठाऊक नसतं. अशा वेळी मी तिथे असले तर मीच अरे वा म्हणून टाकते.

बाकी काकूंचं सगळं जग मापात आहे. इमारतीतल्या बायकांची नावं त्या क्वचितच घेतात. "दुसऱ्या मजल्यावरची चाळीस आली होती," असं म्हणतात. सेक्रेटरीच्या बायकोनं याबद्दल एकदा तक्रार केली, तेव्हा काकूंनी तिला समजावलं की यात अपमान कसला, चाळीस हे भारदस्त माप आहे. कोणी आरशापुढे उभं राहून आपण बारीक झालो म्हणालं की त्या टेप काढतात. एखादी शिवण सुताएवढी जरी वाकडी गेली तरी अख्खी टीप उसवतात. गिऱ्हाईक बाहेर रिक्षा थांबवून उभं असलं तरी उसवतात. मी एकदा म्हटलं, काकू, आतली बाजू आहे, कोण बघतंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप खाली बसले.

या मशीनचा त्यांना एवढा अभिमान का, ते आता सांगायला हवं. मशीन काकूंना माहेरून मिळालेलं, मालवणजवळच्या एका गावाहून. परबकाका तेव्हा परळच्या एका मिलमध्ये ऑइलर होते. म्हणजे लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन मागांच्या रांगांमधून फिरायचं आणि प्रत्येक मागाच्या प्रत्येक सांध्यात मोजका थेंब सोडायचा. संप झाला, मिल बंद पडली, काका घरी बसले. पुढे त्यांना मरोळला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली, पण मधली वर्षं या मशीननं काढली. परकर, ब्लाउज, शाळेचे गणवेश, मंडळाच्या गणपतीची झालर, काकूंनी मिळेल ते शिवलं. मुलगा संदेश त्याच्यावर शिकला, इंजिनीअर झाला. म्हणून प्रात्यक्षिकाच्या शेवटी काकू मान ताठ करून एक वाक्य म्हणतात, आणि ते इमारतीत सगळ्यांना पाठ आहे.

"मिल बंद पडली, माझं मशीन नाय बंद पडलं."

हे वाक्य आलं की काका खुर्चीतून उठत. चपला शोधत, पायात घालत आणि खाली एक फेरी मारून येत. काकूंना वाटे, त्यांना चालायची आवड आहे.

गेल्या दोनेक वर्षांत काकांचं विसरणं वाढलं. चष्मा कपाळावर असताना तो घरभर शोधणं तर आपण सगळेच करतो. पण काका मध्येच डबा मागू लागले, सेकंड शिफ्ट आहे म्हणू लागले. एकदा खाली जाऊन त्यांनी आमच्या वॉचमनला विचारलं, भोंगा झाला का रे. वॉचमन बिहारचा, त्याला कोणी तरी भोंगा वाजवायला सांगतंय असं वाटलं आणि त्यानं शिट्टी वाजवली. काका समाधानानं वर आले.

संदेशला मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना, आणि त्याचंही बरोबर होतं. तो बोरिवलीला राहतो, मोठ्या टॉवरमध्ये. आईवडिलांनी तिकडे यावं म्हणून तो दर रविवारी येऊन समजावत असे. सूनही मनापासून बोलवत होती. अडचण एकच, तिकडच्या घरात पायमशीनला जागा नव्हती आणि काकूंना मशीनशिवाय जायचं नव्हतं. एका रविवारी वाद फार रंगला. मी तेव्हा तिथेच होते, साडीला फॉल लावायला द्यायला गेले होते. काकूंनी करंगळीनं चाक फिरवलं आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "ज्या दिवशी हे चाक अडकेल ना संदेश, त्या दिवशी आम्ही दोघं पिशव्या भरून तुझ्या दारात. आणि मशीन भंगारात. तोवर परत विषय काढायचा नाय."

संदेश इंजिनीअर असल्यामुळे त्याला ही अट पसंत पडली. तेव्हापासून तो रविवारी आला की आधी चाकाला हात लावतो, मग आईच्या पाया पडतो.

आता तेलाचं सांगते. काकूंचे भाऊ गावाहून घाण्यावरचं खोबरेल पाठवतात. काकूंचा त्या खोबरेलावर देवाइतका विश्वास आहे. केसांना ते, गुडघ्यांना ते, कुरकुरणाऱ्या दाराला ते, भाजल्याला ते, तव्याला ते. माझ्या मुलीला सर्दी झाली तेव्हा तिच्या टाळूवर ते. एका ठिकाणी मात्र खोबरेलाला सक्त मनाई आहे, ती म्हणजे मशीन. आमच्याकडच्या बायका हीच चूक करतात असं त्या तळतळून सांगतात. घरात चांगलं तेल आहे म्हणून मशीनमध्येही तेच ओततात. ते काही दिवस बरं चालतं, मग आत चिकट होऊन बसतं, आणि थंडीत थिजलं की चाक हलत नाही. "मशीनला खोबरेल घालणाऱ्या बाईला मी सुई पण उसनी देणार नाय," असं त्या म्हणत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चाळीसनं ते घातलं तेव्हा त्यांनी हे पाळलंही होतं.

या जानेवारीत मुंबईला चार दिवस खरी थंडी पडली. लोकांनी माळ्यावरचे स्वेटर काढले. त्याच आठवड्यात एका सकाळी नवा कुरिअरवाला काकूंकडे आला आणि चाक न फिरवताच परत गेला. मी दारातून बघत होते. काकूंनी सही केली, पार्सल घेतलं आणि दार लावलं. मला काळजीच वाटली. मी बेल वाजवली. दार अर्धंच उघडलं. आत मशीनवर मखमली कव्हर होतं आणि त्यावर आणखी एक चादर.

"आत ये," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "कोणाला बोलू नको. चाक जड झालंय."

"अडकलं?"

"अडकलं नाय. जड झालंय." हा फरक त्यांच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा होता, कारण अट अडकण्याची होती.

मी हात लावला. करंगळीचं सोडा, मुठीत धरून ओढलं तरी चाक जेमतेम सरकत होतं, आणि रविवार जवळ येत होता.

पुढचे दोन दिवस काकूंनी मशीनची जी तपासणी केली ती बघण्यासारखी होती. मी ऑफिसातून पवईहून घरी आले की हातपाय धुऊन थेट तिकडे. काकूंचा नियम असा की आधी जोर लावायचा नाही. जोर लावला की जे वाचलं असतं तेही मोडतं. आधी बॉबिन भरायची कळ चाकाला चिकटून तर राहिली नाही ना, ते बघितलं. नव्हती. मग बॉबिन काढली, शटल काढलं, खाली गुंतलेला दोरा शोधला. केसाएवढाही सापडला नाही. मग खालचा पट्टा उतरवला. पायडल मोकळं फिरत होतं, म्हणजे दोष वरच होता. मग चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल केला. आता नुसतं चाक भिंगरीसारखं फिरलं आणि सुई जागची हलली नाही. काकूंनी मान डोलावली. म्हणजे चाक निर्दोष, आजार पोटात आहे.

आणि हे सगळं चालू असताना मशीनशी बोलणंही चालू होतं. कुठं दुखतंय, असं त्या खरंच विचारत होत्या. मला एकदा त्यांनी गप्प बसायला सांगितलं, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं.

बातमी अर्थातच फुटली. ती नितीननं फोडली, यावर माझा आणि काकूंचा एकमतानं विश्वास आहे. मग सल्ल्यांचा पूर आला. कोणी म्हणालं सॅनिटायझर ओता. कोणी मोटारसायकलच्या साखळीवर मारायचा स्प्रे घेऊन आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या चाळीसनं नेलपॉलिश काढायचं पाणी पाठवलं, तेही लहान बाटलीत. काकूंना हवं होतं रॉकेल, आणि रॉकेल आता मिळतं कुठे? स्टोव्ह जाऊन जमाना झाला. शेवटी मला खालचा इस्त्रीवाला आठवला. तो कोळसे पेटवायला रॉकेल वापरतो. त्यानं सरबताच्या बाटलीत थोडं ओतून दिलं आणि वर विचारलं, आजीचं मशीन अडकलं म्हणतात ते खरं का. मी ठणकावून सांगितलं, अडकलं नाही, जड झालंय.

शनिवारी दुपारी आम्ही शेवटच्या लढाईला बसलो. काका आतल्या खोलीत झोपले होते. काकूंनी मशीन बिजागरीवर मागे कलतं केलं आणि मी मोबाइलचा उजेड धरला. आतल्या दांड्यांवर, सांध्यांवर पिवळट पांढरा चिकट थर बसलेला. काकूंनी केसातला आकडा काढून तो थोडा खरवडला आणि नाकाशी नेला. मग माझ्या नाकाशी धरला.

खोबरेल होतं. गावचं, घाण्यावरचं, ओळखू न येण्याचा प्रश्नच नव्हता.

काकूंचा चेहरा लाल झाला. त्यांच्या मशीनमध्ये, त्यांच्या घरात, त्यांच्याच बाटलीतलं खोबरेल. संशयितांची यादी सुरू झाली. पहिलं नाव नितीनचं. दुसरं चाळीसचं, जुन्या रागापोटी. भांडी घासायला येणाऱ्या बाईचं नाव आलं आणि ती गावाला गेलेली असल्यामुळे मागे घ्यावं लागलं. जो कोणी असेल त्याचा हात कापून मी झालरीला लावीन, असं काकू म्हणाल्या. मी कसंबसं त्यांना शांत केलं. भोकांमधून रॉकेल सोडलं, मशीन सरळ केलं, आणि ते मुरेपर्यंत चहा घेऊ म्हणून आम्ही स्वयंपाकघरात गेलो.

चहा उकळत होता. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार वाजलं आणि काका बाहेर आले. स्वयंपाकघराच्या दारातून आम्हाला ते दिसत होते, त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग बेसिनवरच्या फळीवरून खोबरेलाची बाटली घेतली. ट्रंकेच्या मागे हात घालून त्यांनी एक लांब चोचीची पत्र्याची कुपी काढली, मिलमधली, मी ती पहिल्यांदाच बघत होते. न सांडता कुपी भरली. मशीनपाशी गेले.

मी पुढे व्हायला निघाले. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

काकांनी आधी चाकावरून हात फिरवला. मग वरच्या पट्टीवरच्या पहिल्या भोकात एक थेंब सोडला. मग दुसऱ्या. मग सुईच्या दांड्यापाशी, मग चाकाच्या मुळाशी, मग मशीन हलक्या हातानं कलतं करून खालचे सांधे. प्रत्येक थेंबानंतर ते बनियनच्या टोकानं कडा पुसत होते. सकाळी आपण जेवलो की नाही हे ज्यांना सांगता येत नाही, त्या माणसाचा हात एकाही जागी अडखळला नाही. सगळं झाल्यावर त्यांनी मशीन थोपटलं, कुपी ट्रंकेमागे ठेवली, बाटली फळीवर ठेवली आणि शिफ्ट संपल्यासारखे खिडकीपाशी खुर्चीत बसले. काकू रोज दुपारी गाढ झोपतात तेव्हा हे चालत असणार.

चहा उतू गेला. माझ्या मनगटावर काकूंची बोटं उमटली होती. मला वाटलं आता त्या ओरडतील, नाही तर रडतील.

"एक पण भोक चुकवलं नाय बघ," त्या म्हणाल्या.

त्या आवाजातला अभिमान मला करंगळीच्या प्रात्यक्षिकात कधी ऐकू आला नव्हता. मग त्यांनी डोळे पुसले, गॅसभोवती सांडलेला चहा पुसला आणि मला बजावलं की संदेशला यातलं अक्षर कळता कामा नये. बापाच्या विसरण्यानं चाक जड झालं हे त्याला कळलं की तो आजच गाडी घेऊन येईल. "आणि तिकडं टॉवरमध्ये ह्यांनी तेल कशाला घालायचं?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळं पुन्हा केलं. माझा हेअर ड्रायर आणून थिजलेलं तेल वितळवलं, रॉकेलनं धुतलं, चाक थोडं पुढे, थोडं मागे, परत थोडं पुढे. आयुष्यात पहिल्यांदा काकूंना मी चाक मागे फिरवताना बघितलं. एका क्षणी आतून काही तरी सुटलं आणि चाक गपकन फिरलं. मग मशीनचं खरं तेल घातलं. काकूंनी करंगळी लावली, चाक फिरलं, पण त्या नेहमीसारख्या थांबल्या नाहीत. लगेच उठल्या, ट्रंकेमागून ती कुपी काढली, साबणाच्या गरम पाण्यानं धुतली आणि परत होती तिथे ठेवली. बेसिनवरच्या फळीवरून खोबरेल हललं आणि त्याच जागी, तसल्याच बाटलीत, मशीनचं तेल आलं.

रविवारी संदेश आला. मी आणि नितीन चहाला होतो. संदेशनं चपला काढल्या, चाकाला हात लावला, चाक सुरळीत फिरलं. तो आईच्या पाया पडायला वाकला. संपलं असतं तिथेच. पण नितीन बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला, "फिरायला लागलं वाटतं. परवा अडकलं होतं ना?"

मी हवेत उलटं चाक फिरवलं, पण आता काय उपयोग.

संदेश सरळ झाला. त्यानं मशीनकडे बघितलं, वाकून वास घेतला, रॉकेलनंही गेला नव्हता तो, मग खुर्चीतल्या बापाकडे बघितलं. "आई, खोबरेल कोणी घातलं यात?"

काकूंनी चहाची कपबशी खाली ठेवली. "मी," त्या म्हणाल्या.

नितीनचं बिस्किट चहात पडलं. सबंध घाटकोपरला खोबरेलावर व्याख्यानं देणारी बाई, जिनं त्यापायी चाळीसशी बोलणं सोडलं होतं, ती आमच्यादेखत सांगत होती की तेल मी घातलं. "दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात. चष्मा नव्हता डोळ्यावर. आणि अडकलं नव्हतं, जड झालं होतं."

आणि मग काका बोलले. एरवी हल्ली ते चार माणसांत गप्पच असतात. ते खुर्चीत पुढे सरकले आणि मालवणीत कडक आवाजात म्हणाले, "खोबरेल घालतत काय गो मशिनीत? थंडीत तां थिजता, मगे चाक जड होता. इतकी वर्सां चालवतंस, इतक्यां कळना नाय? माका इचारूचां मां."

काकूंनी मान खाली घातली. "चुकलां माझां," त्या म्हणाल्या. "परत घालूचंय नाय."

पण काका थांबले नाहीत. माग असो की मशीन, पातळ तेल कुठे, जाड कुठे, थेंब किती मोठा, जास्त झाला तर कापडाचं काय होतं, कमी झाला तर दांडा कसा तापतो, सगळं त्यांनी संदेशला समोर उभं करून सांगितलं. एकही शब्द शोधावा लागला नाही. संदेश हातातलं घड्याळ चाचपत ऐकत राहिला. पूर्वी बाबा मिलबद्दल कधीच काही बोलले नाहीत, असं तो नंतर जिन्यात मला म्हणाला. काकू अपराध्यासारख्या उभ्या होत्या आणि मधूनमधून हो, हो म्हणत होत्या. मी त्यांच्या शेजारी होते. इतकी खोटी मान खाली घातलेली आणि इतकी ताठ बाई मी दुसरी बघितलेली नाही. ही माझ्या समोरच्या दारात राहते याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

संदेशनं त्या दिवशी बोरिवलीचा विषय काढला नाही. निघताना एवढंच म्हणाला, "बरं, जड झालं होतं." पुढच्या रविवारी तो मशीनच्या तेलाचा मोठा कॅन घेऊन आला आणि कोणाला काही न सांगता बेसिनखाली ठेवून गेला. त्याला सगळं कळलं होतं, हे तेव्हा आम्हाला कळलं.

आता रोज दुपारी काकू आडव्या होतात, डोळे मिटतात आणि झोपत नाहीत. काका उठतात, घड्याळ बघतात, कुपी भरतात. ते खुर्चीत जाऊन बसले की काकू जाग आल्यासारखं करून उठतात आणि जास्तीचं तेल पुसतात, कारण रोजच्या तेलाची मशीनला गरज नसते. चिंधीवर चार टिपा मारून मगच गिऱ्हाइकाचं कापड घेतात. तरी कुठे तरी डाग पडतोच. भावाच्या लग्नासाठी शिवलेल्या माझ्या ब्लाउजला आतून, काखेपाशी, तेलाचा एक ठिपका होता. काकूंनी तो उजेडात धरून बघितला. एका वाकड्या टाक्यासाठी अख्खी टीप उसवणारी ही बाई. मी वाट बघत राहिले.

"आमच्या ऑइलरचा हात जरा सैल आहे," त्या म्हणाल्या आणि ब्लाउजची घडी घालून माझ्या हातात दिली. मी तो लग्नात मिरवला.

परवा तो कुरिअरवाला पुन्हा आला. मागच्या वेळची त्याची परीक्षा राहून गेली होती. काकूंनी त्याला आत घेतलं आणि चाकाला हात लावायला सांगितलं. त्यानं ते स्वतःकडे फिरवलं आणि दचकला, म्हणाला, एवढं जुनं मशीन आणि एवढं हलकं कसं काय. काकूंनी पदर खोचला, मान ताठ केली. मी सवयीनं काकांच्या चपलांकडे बघितलं.

काकूंनी या वेळी मशीनकडे बोट दाखवलं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीकडे दाखवलं.

"मिल बंद पडली," त्या म्हणाल्या, "आमचा ऑइलर नाय बंद पडला."

काका चपला शोधायला उठले नाहीत. त्यांनी बनियन खाली ओढून नीट केलं आणि कुरिअरवाल्याला म्हणाले, "बस. लाडू खाऊन जा."